पाहणे आणि दिसणे

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जो बांध आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, मीर इमादीन नावाच्या वास्तुकाराने तो सिद्ध केला. तेथील फारसी शिलालेखाचा आशय असा सांगतात की, या महालाकडे दृष्टी टाकताच मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. राजस्तुतीचा एक अलंकार म्हणून हे विधान आपण सोडून देतो. परंतु थोडे थांबून विचार केला, तर त्यात एक फार जुना प्रश्न दडलेला आढळेल. बांध एक, पाणी एक, ऊनही एकच. मग दोन माणसांच्या डोळ्यांना दोन निरनिराळे अनुभव का यावेत? दिसणे हे वस्तूवर अवलंबून आहे, प्रकाशावर आहे, डोळ्यावर आहे, की डोळ्यामागे बसलेल्या माणसावर आहे?

या प्रश्नाला माणसाने आजवर जी उत्तरे दिली, त्यांचा इतिहास आज थोडक्यात मांडावयाचा आहे. त्यासाठी दूर जाण्याचे फारसे कारण नाही. धाराशिवची लेणी, तुळजापूरचे देवालय, तेरची जुनी वस्ती आणि नळदुर्गचा बांध ही आपल्या जिल्ह्यातीलच ठिकाणे या इतिहासातील निरनिराळ्या पायऱ्यांवर उभी आहेत.

तत्त्वज्ञानाचे नाव काढले की श्रोते थोडे सावरून बसतात. पण दृष्टीविषयीचे तत्त्वज्ञान तर आपल्या रोजच्या बोलण्यात भिनलेले आहे. आपण ‘मी पाहतो’ असे म्हणतो आणि ‘मला दिसते’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात काम करणारा मी आहे; दुसऱ्यात वस्तू आपण होऊन माझ्याकडे येते आणि मी नुसता धनी होतो. आपण नजर टाकतो, नजर फिरवतो. दोघांची नजर भिडते. तान्ह्या मुलाला दृष्ट लागते आणि घरातील आजी मीठमोहऱ्या ओवाळून ती काढून टाकते. या सर्व प्रयोगांत दृष्टी ही डोळ्यांतून निघून दुसऱ्यापर्यंत पोचणारी गोष्ट आहे. उलट, भरात आलेले ज्वारीचे शेत डोळ्यांत भरते, शेजाऱ्याचे वैभव डोळ्यांत सलते, गेलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. येथे वस्तूच चालून डोळ्यांकडे आली आहे. दृष्टी जाते की दृश्य येते, या वादाच्या दोन्ही बाजू मराठी भाषेने अशा नकळत जपून ठेवल्या आहेत.

आपल्या दर्शनशास्त्रांत हा वाद मोठ्या हिरिरीने लढविला गेला. नैयायिकांचे मत असे की, डोळा हे तेजाचे इंद्रिय आहे; त्याचे किरण बाहेर पडून वस्तूला जाऊन भिडतात तेव्हा ती दिसते. या मताला ‘प्राप्यकारी’ म्हणजे गाठून काम करणारा असे नाव आहे. भिंतीपलीकडचे दिसत नाही, कारण किरण अडतात. आणि रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे डोळे अंधारात चमकतात, तेव्हा ते किरण प्रत्यक्षच दिसतात, असा त्यांचा पुरावा. प्रतिपक्षी विचारी, मग काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्यामागची वस्तू कशी दिसते? नैयायिक उत्तर देई की, स्वच्छ पदार्थ किरणांना अडवीत नाहीत.

बौद्ध आणि जैन पंडितांना हे मान्य नव्हते. डोळा वस्तूला न गाठताच जाणतो, तो ‘अप्राप्यकारी’ आहे, असे त्यांचे म्हणणे. वसुबंधूचा युक्तिवाद तर घरगुती आहे : स्पर्श करूनच डोळा जाणत असेल, तर डोळ्यात घातलेले काजळ त्याला सर्वांआधी दिसावयास हवे, प्रत्यक्षात तेच दिसत नाही. दुसरा युक्तिवाद शाखेचा व चंद्राचा. झाडाची फांदी आणि तिच्यामागचा चंद्र आपणांस एकदमच दिसतात. डोळ्याला तेथवर जावे लागते तर फांदी आधी आणि चंद्र कितीतरी उशिरा दिसला असता. नैयायिकाने यालाही उत्तर दिले : किरणांची गती इतकी तीव्र की दोन क्षणांतील अंतर आपल्या ध्यानातच येत नाही. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रातही, इतर इंद्रियांना वस्तूचा जो प्रथम संपर्क घडतो तो डोळ्याला आणि मनाला घडत नाही, असे सांगितले आहे.

हे वाद ऐन रंगात होते, साधारण त्याच काळात, म्हणजे पाचव्या ते सातव्या शतकाच्या सुमारास, धाराशिवजवळच्या डोंगरात लेणी खोदली जात होती. तेथील मोठ्या लेण्यात शिरणाऱ्याला प्रथम काही दिसत नाही. बाहेरच्या उन्हातून आत आलेला डोळा काही वेळ आंधळाच असतो. मग खांब दिसू लागतात, बाजूच्या खोल्यांची दारे दिसतात आणि सर्वांत शेवटी गाभाऱ्यातील ध्यानस्थ मूर्ती हळूहळू पुढे येते. ती आपणहून प्रकट होते. आपण फक्त थांबावयाचे असते. डोळा धावत जात नाही, दृश्य येते, या मताला साजेसे असेच हे स्थापत्य आहे. शिल्पकारांनी ते ग्रंथ वाचून खोदले असे कोणी म्हणणार नाही; पण वाट पाहावयास लावणारी ही जागा पाहण्याचा एक धडा देते, एवढे खरे.

तुळजापूरला गेले की चित्र पालटते. तेथे आपण देवी ‘पाहावयास’ जात नाही, तर दर्शन ‘घ्यावयास’ जातो. आणि देवी दर्शन ‘देते’. ही देवघेव आहे. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करताना नेत्रोन्मीलन हा विधी असतो, तो याचसाठी. भक्ताने देवाकडे पाहणे जितके महत्त्वाचे, तितकेच देवाने भक्ताकडे पाहणे. भवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा तिला सिंहासनावरून काढून पलंगावर निजवितात : नवरात्रापूर्वीची घोरनिद्रा, सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंतची श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा. जी देवी झोपते, ती जागेपणी पाहत असलीच पाहिजे, हे भक्ताला वेगळे सांगावे लागत नाही. पंढरपुरात पदस्पर्शदर्शन आणि मुखदर्शन असे भेद आहेत. गाभाऱ्यापर्यंत पोचता न आलेला वारकरी कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततो. डोळ्याने केलेला स्पर्श हा हाताने केलेल्या स्पर्शाच्या जवळचाच आहे, ही भावना या सर्वांच्या मुळाशी आहे. नैयायिकाचा प्राप्यकारी डोळा ग्रंथात हरला असेल वा जिंकला असेल. देवळाच्या रांगेत तो आजही जिवंत आहे.

हा वाद केवळ भारतातलाच होता असे नव्हे. ग्रीसमध्ये प्लेटोने डोळ्यातून निघणाऱ्या तेजाची कल्पना मांडली आणि यूक्लिडने डोळ्यातून निघणाऱ्या सरळ किरणांवर दृष्टीचे गणित उभारले. या विचाराला निर्णायक कलाटणी दिली ती अकराव्या शतकातील अरब पंडित इब्न अल्-हैथम याने. बसरा येथे जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या माणसाने दृष्टीवर सात भागांचा ग्रंथ लिहिला. सूर्याकडे पाहिले असता डोळा दुखतो. म्हणजे डोळा काही पाठवीत नसून काही सोसत आहे, असा त्याचा रोख होता. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात येतो, हे त्याने युक्तीने आणि प्रयोगाने मांडले. अंधाऱ्या खोलीच्या लहानशा छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचाही त्याने अभ्यास केला. पुढे १६०४ मध्ये केप्लरने दाखविले की, डोळ्याच्या आतील पडद्यावर बाहेरच्या जगाचे उलटे चित्र उमटते. मांजराच्या डोळ्यांचे कोडेही पुढे उलगडले. त्या डोळ्यांतील चकाकी त्यांची स्वतःची नसते. पडद्यामागचा एक थर बाहेरून आलेला प्रकाश परत फेकतो, एवढेच.

केप्लरचा ग्रंथ निघाल्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी आपला पाणीमहाल बांधून झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही नव्या विचाराचे मर्म समजून घ्यावयाला पाणीमहालासारखे दुसरे उदाहरण मिळणार नाही. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळत असते. आत महालात उभा असलेला माणूस कोरडा राहून झरोक्यातून त्या धारेकडे पाहतो. प्रकाश आत येतो, पाणी येत नाही. नव्या शास्त्राने डोळ्याला असाच एक महाल ठरविले. आत अंधार, समोर एक झरोका, आणि पाहणारा आत सुरक्षित बसलेला. देवळातल्या दर्शनात पाहणारा आणि पाहिला जाणारा दोघेही भिजत होते. येथे पाहणारा प्रथमच कोरडा राहिला. या कोरडेपणाने पुष्कळ लाभ झाला. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, नेत्रवैद्यक, छायाचित्र हे सारे त्याचेच फळ. पण काही गमावलेही, त्याचा हिशोब पुढे येईल.

मात्र एक अडचण राहिलीच. पडद्यावर चित्र उमटले म्हणजे दिसले असे होते काय? तसे असते तर उघड्या डोळ्यांच्या प्रत्येक माणसाला समोरचे दिसले असते. तेर हे गोरा कुंभारांचे गाव. भजनात रंगून माती तुडवीत असता रांगत आलेले स्वतःचे मूल पायाखाली आले तरी त्यांना ते दिसले नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. भक्तीची परमावधी म्हणून ती सांगितली जाते. पण दृष्टीच्या शास्त्राच्या अंगानेही ती भयंकर खरी आहे. डोळे उघडे होते, प्रकाश होता, मूल समोर होते. नव्हते ते अवधान. मन दुसरीकडे असले की माणसाला दिसत नाही, पाहावयाचे ते मनानेच, हे बृहदारण्यकोपनिषदाने फार पूर्वी सांगितले होते. याच गोरोबांची दुसरी कथा अशी की, संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून त्यांनी कोण पक्के आणि कोण कच्चे ते ठरविले व नामदेवांना कच्चे म्हटले. मडके भाजले आहे की नाही हे नुसत्या रंगावरून कुंभार सांगत नाही, वाजवून पाहतो. आपण ‘वाजवून पाहतो’ असे म्हणतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. चाखून पाहतो, हुंगून पाहतो, विचारून पाहतो. मराठीत पाहणे म्हणजे अखेर पारखणे.

पारखताना मन काय भर घालते, यावर दिङ्नागाचा विचार फार सूक्ष्म आहे. त्याच्या मते खरे प्रत्यक्ष म्हणजे ज्यात अजून नाव, जात, कल्पना काहीही मिसळलेले नाही असे पहिल्या क्षणाचे ज्ञान. ‘ही गाय’ असे म्हटले की कल्पना आली. कुमारिलभट्टाने उत्तर दिले की, पहिल्या क्षणी तान्ह्या मुलासारखे निःशब्द ज्ञान होते हे खरे. पण नंतर नावासह होते तेही प्रत्यक्षच आहे, कारण वस्तू डोळ्यापुढेच असते. पश्चिमेकडे हीच गाठ सोडवीत हेल्महोल्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात अशा निष्कर्षाला आला की, प्रत्येक दर्शनात नकळत केलेले एक अनुमान असते. इब्न अल्-हैथमनेही ओळखणे आणि तुलना करणे यांत मनाचा निवाडा असतो, असे आधीच म्हणून ठेवले होते.

हा काथ्याकूट आपल्या उपयोगाचा आहे काय? आहे, आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. धाराशिवच्या लेण्यांचे आराखडे आणि चित्रे जेम्स बर्जेसने आपल्या १८७८ च्या अहवालात प्रसिद्ध केली. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात ही लेणी जैन लेण्यांत घातली आहेत. पुढे काही विद्वानांनी आराखड्याचे अजिंठ्याच्या विहारांशी साम्य दाखवून ती मूळची बौद्ध असावीत आणि नंतर जैनांकडे आली असावीत, असे मत मांडले. मूर्ती त्याच, खांब तेच; एका डोळ्याला पार्श्वनाथ दिसतो, दुसऱ्याला त्याआधीचा बुद्ध. तेरचे त्रिविक्रम मंदिरही असेच. विटांची ही वास्तू मागून हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझिन्सने तिच्यात चैत्यगृहाचा आकार ओळखला. गावातील माणसाला मात्र तेथे तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा विष्णूच दिसत आला आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी जवळचे नाते सांगणारी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेईच्या उत्खननात निघाली, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीत ती गाडली गेली होती. सापडताच तिला लक्ष्मी म्हणण्यात आले. आता अनेक अभ्यासक तिला यक्षी म्हणणे पसंत करतात. त्या रोमन गृहस्थाला तिच्यात काय दिसले असेल?

अशा ठिकाणी दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, विद्वानांनी सांगितले तेच खरे, गावकऱ्यांचे पाहणे अज्ञानाचे. दुसरा म्हणतो, आम्हांला जे दिसते तेच खरे, बाकी सारे आमचे हिरावून घेण्याचे कारस्थान. दोघांचीही चूक एकच. ‘दिसले’ आणि ‘ठरविले’ यांमधील रेघ दोघांनीही पुसून टाकली आहे. दिङ्नाग आणि कुमारिल यांचे ज्या एका गोष्टीवर एकमत आहे, ती ही की, आधी निःशब्द दिसते आणि मग नाव येते. गोल पाठ, विटांची चिनाई, मूर्तीची बैठक हे कोणत्याही डोळ्याला दिसू शकते. ते नीट पाहून घेतल्यानंतर नावाचा वाद खुशाल करावा. आणि एकाच वास्तूत दोन काळांच्या दोन श्रद्धा राहून गेल्या असे निघाले, तर त्यात कोणाचेच काही जात नाही. घर जुने आहे एवढेच सिद्ध होते.

या साध्या शिस्तीची गरज आज वाढली आहे, कारण मधल्या काळात चित्रांचा पूर आला. १८९४ मध्ये रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईत निघाला आणि देव कागदावर उतरून घरोघर गेले. त्या छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक लहानसा चित्रपट केला होता. अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दिसली. जे डोळ्याला कधीच दिसले नसते, ते यंत्राने दाखविले. हा मोठाच लाभ होय. परंतु दाखविलेले पाहण्याची सवय लागली की स्वतः पाहण्याचा कंटाळा येतो. शिवरायांना तलवार देणारी भवानी आपण कॅलेंडरवर इतक्यांदा पाहिलेली असते की, गाभाऱ्यातील मूर्तीचे आठ हात आणि पायाशी असलेला महिषासुर कित्येकांनी मोजूनमापून कधी पाहिलेलाच नसतो. लेण्यात आलेला पाहुणा डोळा अंधाराला सरावण्यापूर्वीच मोबाइलवर छायाचित्र घेऊन बाहेर पडतो. चित्र त्याच्याकडे आले. तो मात्र तेथे गेलाच नाही. पाणीमहालातल्या कोरडेपणाचा जो हिशोब पुढे ठेवला होता, तो हा. पाहणाऱ्यावर पाहिलेल्याचे काही ऋण असते, ही दर्शनाची जुनी जाणीव त्यात वाहून गेली. किरण डोळ्यातून निघतात हे नैयायिकाचे मत आज शास्त्रात टिकत नाही. पण पाहणे हे एक काम आहे, ते आपण होऊन करावे लागते आणि त्याचा परिणाम समोरच्यावर होतो, हा त्यातील अंश खोटा ठरलेला नाही.

धाराशिवच्या लेण्यांविषयी एक कथा कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात आहे. हिरालाल जैन यांनी ते १९३४ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. राजा करकंड तेरजवळच्या डोंगरातील लेण्यात आला, तेव्हा पार्श्वनाथाच्या सिंहासनावर त्याला एक गाठ दिसली. एवढ्या सुंदर कामात हा दोष कशाला, असे त्याला वाटले. वृद्ध शिल्पकाराने सांगितले की, खोदताना तेथे पाण्याचा झरा लागला होता. तो बुजविण्यासाठी ती गाठ ठेवलेली आहे. राजाने ऐकले नाही. गाठ फोडली, झरा उसळला आणि लेणे पाण्याने भरले. मग राजाला त्याच डोंगरात वरच्या बाजूला नवी लेणी खोदवावी लागली. राजाचा डोळा अधू नव्हता. शिल्पकाराला दिसत होती तीच गाठ त्यालाही दिसत होती. फरक एवढाच की, एकाने तिला पाहताक्षणीच दोष हे नाव दिले आणि दुसऱ्याला ती तेथे का आहे हे ठाऊक होते. आपल्या गावोगावच्या जुन्या वास्तूंत अशा गाठी पुष्कळ आहेत. त्या फोडण्यापूर्वी, किंवा रंग देऊन लपविण्यापूर्वी, ज्याला त्या ठाऊक आहेत असा एखादा म्हातारा गवंडी, गुरव वा कुंभार गावात अजून असेल, तर त्याला आधी विचारून पाहावे.